दोष बाईच्या वागण्याचाच?

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्तनांच्या कर्करोगावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळा लागला नाही. उशिरा लग्न, उशिरा मूल, अंगावर न पाजणे, वाढते वजन. सगळी यादी बाईच्याच वागण्याची. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न सतराव्या वर्षी झाले. चार मुले, चारही अंगावर पाजलेली. जन्म धानाच्या बांधीत राबण्यात गेला. सत्तेचाळिसाव्या वर्षी गाठ निघाली, पन्नाशी काही तिने पाहिली नाही. तिचे नेमके काय चुकले, ते लेखकाने मला सांगावे.

साठच्या दशकात भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मलेरियावाले यायचे. घरभर डीडीटी मारायचे, भिंतीवर तारीख लिहायचे आणि इतक्यात सारवण-पोतारा करू नका म्हणून बजावून जायचे. आई त्यांना आग्रहाने बाजेवरही मारायला लावी, ढेकूण मरावेत म्हणून. भिंतीवर पांढरी भुकटी बसलेली असे. त्याच भिंतीला पाठ लावून, त्याच बाजेवर ताई आणि मी झोपायचो. हिवतापापासून त्या फवारणीने माणसे वाचली, हे मी नाकारत नाही. पण डीडीटीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकासारखा (हार्मोनसारखा) वागतो, हे आम्हाला कोण सांगणार होते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर व बाळंतीण बायकांचे रक्त जपून ठेवले गेले. संशोधक बार्बरा कोन यांच्या गटाने पुढे ते तपासले. डीडीटीचा वापर सुरू झाला तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आत होत्या, त्यांच्यात रक्तात डीडीटी जास्त असलेल्यांना पन्नाशीपूर्वी हा रोग होण्याचा धोका पाचपट दिसला. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये त्या बायकांच्या मुलींचेही निष्कर्ष आले: आईच्या रक्तात डीडीटी जास्त, तर पोटातल्या लेकीला पुढे जवळजवळ चौपट धोका. इतक्या मोठ्या लेखात याला दोन ओळीही नसाव्यात?

ताईचा रोग डीडीटीनेच झाला, असे मी म्हणत नाही. तसे कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. पण तपासणीत डॉक्टरांनी पाळी कधी आली, मुले किती, दूध किती पाजले, सगळे विचारले. लहानपणी घरात काय फवारले जाई, शेतात कोणते औषध मारता, हे एकदाही विचारले नाही. ताई शेवटपर्यंत 'माझंच काही चुकलं असेल' म्हणत राहिली. तुमच्या लेखासारखे लेख वाचून आणखी किती बाया तसेच म्हणत असतील!

आणखी एक. आम्ही राहतो त्या शहरात संध्याकाळी डासांच्या धुराची गाडी येते आणि पोरे तिच्यामागे धावतात. माझी सहा वर्षांची नातही धावते. अशा धुरात अनेकदा वापरल्या जाणाऱ्या मॅलॅथिऑन या कीटकनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ सालीच 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातले आहे. या गाडीत काय असते, ते मी दोनदा नगरपालिकेत जाऊन विचारले. 'औषध आहे, आजी' एवढेच उत्तर मिळाले. आपल्या वार्ताहराने तरी औषधाचे नाव विचारून ते छापावे, ही विनंती.

— एक वाचक भगिनी