हिरड्यांचा आजार कॅप्सूलने जात नाही

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

अँटिऑक्सिडंटच्या (पेशींची हानी रोखणाऱ्या द्रव्यांच्या) गोळ्यांनी पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा आजार, बरा होतो, असे कालच्या आरोग्य पुरवणीत ठासून लिहिले आहे. वाचून संताप आला.

माझ्या थोरल्या बहिणीने हेच केले. ब्रश करताना रक्त यायचे. ओळखीच्या औषध दुकानदाराने क आणि ई जीवनसत्त्व, लायकोपिन (टोमॅटोतले लाल द्रव्य) असलेली अशाच गोळ्यांची महागडी डबी हातात ठेवली. ताईला मधुमेह आहे, लहानपणापासून मिश्रीची (भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची) सवय आहे. दोन्हींनी हा आजार बळावतो, पण दुकानदाराने काही विचारले नाही. गोळ्या चालू आहेत म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडे जायचे टाळत राहिली. दात हलू लागल्यावर एक्स-रे काढला, तर दातांखालचे हाड झिजलेले. खालचे पुढचे दात काढावे लागले.

हिरडीच्या आत दाताच्या मुळाला जंतूंनी भरलेले किटण चिकटते. ते खरवडूनच काढावे लागते, पोटातून घेतलेली गोळी ते काढू शकत नाही. सफाईच्या जोडीला लायकोपिन दिल्यावर सूज थोडी जास्त उतरल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे, हे मान्य. पण जोडीला! तुमच्या लेखात सफाईला एक ओळ, आणि मिश्री-तंबाखूचे नावसुद्धा नाही.

जेम्स लिंडने १७४७ मध्ये लिंबू-संत्री देऊन खलाशांचा स्कर्व्ही बरा केला, हा लेखातला दाखला इथे गैरलागू आहे. तो आजारच क जीवनसत्त्वाच्या अभावाचा. ताईच्या परसात पेरूचे झाड आहे आणि एका पेरूत दिवसाची गरज भागते. तिला कमतरता कसली असणार? उलट फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर चाचणी झाली, तीत बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. हे १९९४ मध्येच जाहीर झाले आहे. तंबाखू न सोडता गोळ्या खाणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आणखी एक. ताईच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले आहे. नियमानेच छापावे लागते. पण इंग्रजीत, भिंग घेऊन वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत. आणि तुमच्या लेखाच्या शेजारीच अशाच कॅप्सूलची अर्धे पान जाहिरात! लेखक दंतवैद्य आहेत की नाहीत, तेही कुठे दिलेले नाही.

पुढच्या पुरवणीत एखाद्या दंतवैद्याकडून याच विषयावर लिहून घ्यावे आणि त्यात मिश्रीबद्दल ठळक अक्षरांत छापावे, ही विनंती.

– एक वाचक, कराड