नेट नव्हे, सेशन संपलेले असते

महोदय,

द्राक्षविम्याची मुदत जवळ आली की निफाड, दिंडोरीकडच्या सेवा केंद्रांवर एकच तक्रार असते: 'जतन करा' दाबले की चकरी फिरतच राहते. खापर नेटवर फुटते. बऱ्याचदा नेट ठणठणीत असते. सातबारा, पासबुक शोधण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात सेशन, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हरने धरून ठेवलेली ओळख, संपते. वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी टॉमकॅटची मूळ मुदत ३० मिनिटे, एएसपी डॉट नेटची २०. पीएचपीत १४४० सेकंदांनंतर सेशनची माहिती कधीही पुसली जाऊ शकते.

चकरीचे कारण मात्र वेगळे. आख्खे पान उघडताना सेशन संपलेले आढळले, तर सर्व्हर ३०२ ('दुसऱ्या पत्त्यावर जा') हा कोड देऊन लॉगिनकडे वळवतो, ते योग्यच. पान न बदलता पडद्यामागून गेलेल्या विनंतीला, म्हणजे अजॅक्स कॉललाही, तेच उत्तर दिले, की ब्राउझर परस्पर तिकडे जातो आणि लॉगिनचे पान २०० ('यशस्वी') कोडसह आणून देतो. प्रोग्रामच्या लेखी सगळे यशस्वी! जेसॉन या माहितीच्या साच्याच्या जागी एचटीएमएल, म्हणजे पानाचाच कोड, येते, पहिल्याच '<' चिन्हापाशी वाचन कोसळते आणि चकरी थांबवणारी ओळ चालतच नाही.

म्हणून अशा कॉलना सर्व्हरने ४०१ ('आधी लॉगिन करा') द्यावा. ४०३ नको, त्याचा अर्थ 'ओळख पटली, पण परवानगी नाही'. ४०१ सोबत 'बेसिक' या लॉगिन पद्धतीचे हेडरही (उत्तराला जोडलेली सूचना) पाठवू नये, नाहीतर ब्राउझर स्वतःचीच पासवर्डची चौकट उघडतो.

पानाच्या बाजूने ४०१ एकाच ठिकाणी हाताळावा. प्रत्येक बटणामागे वेगळा कोड लिहिला आणि पाच कॉल एकदम गेले, तर लॉगिनच्या पाच चौकटी उघडतात. पहिल्या ४०१ ला भरलेला अर्ज तसाच ठेवून वर चौकट दाखवावी, बाकीचे कॉल रांगेत थांबवावेत. लॉगिननंतर सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण) नवे घ्यावे आणि प्रत्येक कॉल एकदाच परत पाठवावा. लॉगिन तपासणीतच ४०१ मिळालेले काम सर्व्हरने केलेलेच नसते, म्हणून हे चालते. टाइमआउट झालेल्या, म्हणजे वेळेत उत्तर न आलेल्या, पेमेंटला हा न्याय लावू नये; ते झालेलेही असू शकते. केंद्रावर एकाच संगणकावर दोघे-तिघे बसतात, तेव्हा लॉगिन दुसऱ्या खात्याने झाले तर रांग रद्दच करावी.

उलटी चूकही दिसते. दर मिनिटाला सूचना तपासणारा कॉल सेशन ताजे ठेवतो आणि माणूस घरी गेला तरी खाते उघडेच राहते. असे कॉल मुदतीच्या हिशेबात धरू नयेत. मुदत संपण्याआधी इशारा देऊन ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, असे डब्ल्यूसीएजी (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे) सांगते. कागद शोधत फिरणाऱ्या शेतकऱ्यासाठी दोन मिनिटे तरी असावीत.

— एक संगणक अभियंता, नाशिक