होयबांच्या गराड्यातलं व्यसन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादा गायक किंवा नट नशेपायी गेल्याची बातमी आली की 'पैसा होता, नाव होतं, मग कमी काय होतं?' हा प्रश्न ठरलेलाच. माझ्या मते कमी असतं ते 'आता बस' म्हणणारं माणूस.

हजारो लोकांसमोर दोन तास गाऊन आलेल्या माणसाला मध्यरात्री झोप कशी लागणार? कान वाजत असतात, छाती धडधडत असते आणि सकाळी दुसऱ्या शहराचं विमान गाठायचं असतं. मग झोपेची गोळी. उठल्यावर तरतरीसाठी आणखी काहीतरी. दौरा महिनोन् महिने चालतो, शरीर सरावतं, तेवढ्याच गोळ्या पुरेनाशा होतात. आनुवंशिकता, जुनं दुखणं, लहानपणीचे घाव यांचाही यात वाटा असतो, हे मान्य. पण सामान्य माणसाला कुठेतरी अडवलं जातं. घरचे भांडतात, नोकरी धोक्यात येते, डॉक्टर चिठ्ठी द्यायला नकार देतात. ताऱ्याभोवती मात्र त्याच्याच जिवावर घर चालणारी माणसं असतात.

मायकल जॅक्सनचंच पाहा. लंडनमधले 50 कार्यक्रम तोंडावर आलेले आणि झोप येत नव्हती, म्हणून शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी वापरतात ते प्रोपोफॉल त्याला घरी दिलं जात होतं. 25 जून 2009 रोजी त्या औषधानेच त्याचा जीव घेतला. ते देणाऱ्या डॉक्टरचं ठरलेलं मानधन होतं महिन्याला दीड लाख डॉलर. एवढी रक्कम देणाऱ्या रुग्णाला 'नाही' कोण म्हणणार? त्या डॉक्टरला 2011 मध्ये दोषी ठरवण्यात आलं. 2023 मध्ये 'फ्रेंड्स' मालिकेतला नट मॅथ्यू पेरी केटामाइन या भुलीच्याच औषधामुळे गेला, तेव्हा इंजेक्शन देणारा त्याचा स्वतःचा सहाय्यकच होता.

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. 18 जून 2011 रोजी सर्बियातल्या बेलग्रेडच्या मंचावर तिचा तोल जात होता, गाण्याचे शब्द आठवत नव्हते. त्या अवस्थेत तिला मंचावर जाऊ दिलं गेलं! लोकांनी हुर्यो उडवली आणि ती चित्रफीत जगभर चवीने पाहिली गेली. 23 जुलैला, वयाच्या 27व्या वर्षी ती वारली. मधले काही दिवस तिने दारू सोडली होती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. मृत्यूच्या वेळी तिच्या रक्तात दर 100 मिलिलिटरला 416 मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. इंग्लंडमध्ये गाडी चालवण्यासाठीची मर्यादा 80 आहे. काही काळ दारू बंद ठेवली की सहनशक्ती उतरते आणि पूर्वी पचायचं तेवढंच प्रमाण घातक ठरू शकतं. ही माहिती कुठल्याही व्यसनी माणसाच्या घरच्यांना हवी असते. तिच्या बातम्यांमध्ये ती शोधावी लागली. झोकांड्या खातानाची छायाचित्रं मात्र सगळीकडे होती.

म्हणून विनंती अशी की, अशी छायाचित्रं छापू नयेत. औषध कोणी लिहून दिलं, माणूस आजारी दिसत असताना कार्यक्रम कोणी चालू ठेवला, हे बातमीत विचारलं जावं. आणि सावरलेल्यांनाही जागा मिळावी. ब्रिटिश गायक एल्टन जॉन 1990 मध्ये उपचार घेऊन नशेतून बाहेर पडला आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ मंचावर गात राहिला. त्याने मदत कोणाकडे मागितली, उपचारांत काय झालं, पहिली काही वर्षं कशी गेली, हे सविस्तर छापलंत तर मी ते कात्रण जपून ठेवीन आणि गरज असलेल्या घरी नेऊन देईन.

आपला,
एक नियमित वाचक