नॅनो प्रकाश केव्हाच आलाय

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला नॅनो प्रकाशावरचा, म्हणजे अतिसूक्ष्म कण आणि प्रकाश यांच्या खेळावरचा लेख आवडला, पण 'हे तंत्रज्ञान सामान्य माणसापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील' हे काही पटलं नाही. अहो, ते केव्हाच आलंय! अक्कलकोट, मोहोळच्या गावांत आशाताई जे प्रेग्नन्सी किट देतात, तसल्या बहुतेक किटवरची लालसर रेघ म्हणजे सोन्याचे नॅनोकणच, साधारण 20 ते 40 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि एवढं बारीक झालं की सोनं पिवळं दिसतच नाही, हिरवा प्रकाश शोषतं म्हणून लाल दिसतं. लघवीतलं एचसीजी हे गरोदरपणात तयार होणारं हार्मोन या कणांवरच्या अँटिबॉडीला (त्यालाच पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि पट्टीवरून सरकत रेघेपाशी अडकतं, ना मशीन लागतं ना लाईट. कोविडच्या बऱ्याच घरगुती किटमध्येही हेच. 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या क्वांटम डॉट्सचं (प्रकाश पडला की रंगीत चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं) काम मोठंच आहे, पण अनेकांत विषारी कॅडमियम असतं, त्यामुळे ते शरीरात सोडणं जोखमीचं, लेखात त्यांनाच अर्धं पान आणि या पट्टीला एक ओळही नाही, हे खटकलं. पुढच्या पुरवणीत ही रेघ कशी उमटते ते चित्रासकट छापा, दहावीची पोरं आवडीने वाचतील.

– एक विज्ञान शिक्षिका, सोलापूर