कुणाच्या आदेशावरून बंद केलंत, तेवढा कागद दाखवा

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड विभाग

विषय : फाइल पाठवण्याची एक वेबसाइट नऊ दिवस बंद ठेवल्याबद्दल, आणि त्यामागचा आदेश दाखवायला नकार दिल्याबद्दल तक्रार

संदर्भ : माझ्या १५ आणि १८ नोव्हेंबरच्या तक्रारी. दोन्ही तुम्ही ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केल्यात.

महोदय / महोदया,

मी राजारामपुरी, कोल्हापूर इथली तुमची सहा वर्षांची ग्राहक. २०० एमबीपीएसचा प्लॅन, जीएसटी धरून महिना ₹ ९४३, एकदाही थकवलेले नाहीत. धंद्यानं व्हिडिओ एडिटर आहे. लग्नसराईत लग्नं, एरवी माहितीपट आणि जाहिराती, मिळेल ते. आमच्या धंद्यात इंटरनेट म्हणजे हमाल. मोठाल्या फाइली इकडून तिकडे उचलून नेणारा.

१३ नोव्हेंबरला रात्री मी ६१ जीबीची एक फाइल अशाच एका वेबसाइटवर चढवली. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवरचा ३४ मिनिटांचा माहितीपट. चित्राची जुळणी संपली होती, आता आवाजाचं काम पुण्यात व्हायचं होतं. काहिलीत रस उकळायला लागला की तळापासून एक घुमणारा आवाज येतो, आणि मळी काढताना झाऱ्याचा वेगळाच. ते दोन्ही सुटे सुटे ऐकू यायला हवे होते. १७ तारखेला सकाळी नऊला स्टुडिओ ठरलेला, त्याचं भाडं आगाऊ भरलेलं.

१४ तारखेला संध्याकाळपासून ती वेबसाइट उघडेना. पानच येत नव्हतं. ब्राउझर नुसता गोल फिरायचा आणि ‘कनेक्शन रिसेट’ म्हणून थांबायचा. शेजारच्या काकूंकडे दुसऱ्या कंपनीचं नेट आहे, त्यांच्याकडे टिचकीसरशी उघडली. माझ्या फोनच्या डेटावरही उघडली, पण त्यात रोजचे २ जीबी मिळतात. ६१ जीबीला महिना लागला असता. आणि गंमत म्हणजे पुण्यातला साउंडवालाही तुमचाच ग्राहक. म्हणजे फाइल होती तिथं होती, मी इकडून बघू शकत नव्हते आणि तो तिकडून उतरवू शकत नव्हता.

तुमच्या कॉल सेंटरला फोन केला. आधी राउटर बंद करून चालू करा. केलं. मग केबल काढून घाला. घातली. तिसऱ्यांदा जी मुलगी बोलली तिनं तपासून सांगितलं, “मॅडम, ती साइट ब्लॉक आहे. सरकारी ब्लॉक.”
“कुठल्या सरकारचा?”
“वरून आलंय मॅडम.”
“वरून म्हणजे कोर्टाकडून, का दिल्लीच्या खात्याकडून?”
“पायरसीचं आहे मॅडम, एवढंच दिसतंय.”
तिची काही चूक नाही. तिच्या पडद्यावर जेवढं दिसलं तेवढं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा टेक्निशियन घरी आला. पोरगा चांगला आहे, पावसात खांबावर चढून वायर जोडणारा. त्यानं लॅपटॉपवर दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, व्हीपीएन टाका की. सगळं चालतंय.” व्हीपीएन म्हणजे बंदी चुकवून आडवाटेनं साइटपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर. म्हणजे कंपनी ज्या दाराला कुलूप लावते, त्या दाराशेजारची खिडकी कंपनीचाच माणूस दाखवतो. सिनेमे चोरणाऱ्यांना ही खिडकी केव्हाचीच ठाऊक आहे. कुलपाशी खोळंबली ती मी, आणि माझी फाइल तर माझीच होती.

शेवटी १६ तारखेला, रविवारी रात्री, हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घातली, खोक्याला सुतळी बांधली आणि सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, साडेदहाच्या पुणे गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिली. “आत काय आहे ताई?” “गूळ,” म्हणाले. तसं अगदी खोटंही नव्हतं. पहाटे स्वारगेटला साउंडवाल्यानं खोकं उतरवून घेतलं. काम एसटीनं केलं आणि बिल तुम्ही लावलंत.

हे वाचून आणखी एक फुकटात सिनेमे बघणारी बाई ओरडतेय असं तुम्हाला वाटेल, म्हणून सांगते. माझ्याच पोटावर पायरसीनं पाय दिलाय. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी पदरचे पैसे घालून २२ मिनिटांचा लघुपट केला. एका महोत्सवात दुसऱ्यांदा दाखवला, आणि चौथ्या दिवशी तो एका मेसेजिंग अ‍ॅपवरच्या चॅनेलवर हजर. वरच्या कोपऱ्यात सट्टेबाजीच्या अ‍ॅपची जाहिरात चिकटवलेली. तीन ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. तेव्हा चोरी थांबवायला कायदा नको, असं मी कधीच म्हणणार नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थिएटरात चोरून रेकॉर्ड करणाऱ्याला किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद, आणि दंड ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रानं सिनेमाचोरीच्या तक्रारी घेणारे १२ नोडल अधिकारी नेमले आणि तक्रारीवर ४८ तासांत कारवाई होईल असं जाहीर केलं. तेही ठीक. पण चुकून बंद झालेलं किती तासांत उघडायचं, हे मला तुमच्या वेबसाइटवर सापडलं नाही आणि तुमच्या एकाही माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही.

असं चुकून बंद होणं काही नवीन नाही. २०१२ च्या मे महिन्यात मी पुण्यात शिकत होते. मद्रास उच्च न्यायालयाचा एका सिनेमासाठीचा आदेश दाखवून इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ ही व्हिडिओ ठेवायची अख्खी साइटच बंद केली. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं काम तिथंच ठेवलेलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत “लिंक पाठवा” म्हणाले की आम्ही सीडी घेऊन धावायचो. जूनमध्ये त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं की बंदी त्या त्या ठरावीक लिंकवर आहे, अख्ख्या साइटवर नाही. म्हणजे आदेशापेक्षा कंपन्यांचाच उत्साह जास्त होता. मग २०१७ चा ऑगस्ट. हिंदी सिनेमांसाठी मद्रासहूनच २६०० हून जास्त साइटची यादी निघाली आणि त्यात चक्क इंटरनेट अर्काइव्ह. जगभरची जुनी पुस्तकं, जुनी वेबपानं जपून ठेवणारं ग्रंथालय ते. साने गुरुजी १९५० साली गेले, साठ वर्षांची मुदत संपून त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे. असं मोकळं झालेलं मराठी साहित्य धुंडाळायला माझी आई तिथंच जाते. सिनेमाच्या चोरापायी ग्रंथालयाला टाळं, हा कसला न्याय?

आता तर याद्या आपोआप वाढतात. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अशी सोय करून दिली की बंद केलेली चोरटी साइट नव्या नावानं उगवली तर नवा दावा लावायला नको, सहनिबंधकांसमोर प्रतिज्ञापत्र देऊन तो पत्ता जुन्या आदेशात जोडता येतो. २०२३ पासून त्याच न्यायालयाचे आदेश अजून तयारही न झालेल्या सिनेमांना लागू व्हायला लागले. चोर रोज नाव बदलतो, त्याच्यामागे कोर्टानं किती धावायचं, हे मला पटतं. पण याद्या करतात सिनेमांच्या हक्कदारांची माणसं. त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं, किंवा चोरट्या साइटच्याच सर्व्हरवर भाड्यानं राहणारी दुसरी भली साइट निघाली, तर ते बघणार कोण?

इटलीत फुटबॉलच्या सामन्यांचं चोरटं प्रक्षेपण थांबवायला यंत्रणाच उभी केलीय. तक्रार आली की ३० मिनिटांत बंद. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या यंत्रणेनं गूगल ड्राइव्हचाच एक पत्ता बंद केला आणि देशभर लोकांच्या फाइली काही तास अडकून पडल्या. स्पेनमध्ये सामन्यांच्या दिवशी क्लाउडफ्लेअर या कंपनीचे, अनेक साइट मिळून वापरतात ते सामाईक पत्ते बंद होतात आणि त्यामागे बसलेली भलत्यांचीच दुकानं झाकली जातात. कोल्हापूरकरांना फुटबॉलचं वेड शिकवायला नको. सामना असला की आमच्या पेठा दुपारीच रिकाम्या होतात. पण म्हणून सामन्यापायी कुणी भवानी मंडपातली सगळी दुकानं बंद केली तर आम्ही गप्प बसू काय?

अमेरिकेत असाच कायदा येऊ घातला तेव्हा १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर काळं पान लावून बसला होता. लोकांना आधी कळलं, आरडाओरडा झाला आणि ते विधेयक बारगळलं. आमच्याकडे काळं पानसुद्धा येत नाही, नुसता गोल फिरतो.

माझी खरी तक्रार इथं सुरू होते. कोर्टानं सांगितलं तर तुम्हाला ऐकावंच लागतं, मान्य. पण कोर्टानं तुम्हाला आणखीही काही सांगितलं होतं. जुलै २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर एका हिंदी सिनेमाचं असंच प्रकरण आलं. त्यांनी अख्ख्या साइट सरसकट बंद करायला नकार दिला. पडताळलेल्या लिंकांची यादी आणा म्हणाले. आणि जिथं काही बंद कराल तिथं दाव्याचा क्रमांक, आदेशाची माहिती आणि ज्याचं नुकसान झालंय त्यानं कुठं लिहायचं तो ईमेल पत्ता दिसला पाहिजे, असं बजावलं. पुढच्याच महिन्यात बंद साइटच्या जागी दिसणाऱ्या एका पानावर ‘नुसतं पाहणं’ हाही तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा असल्यासारखा मजकूर झळकला, तेव्हा त्यांनीच खुलासा केला की कॉपीराइट कायद्याखाली नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, आणि मजकूर बदलायला लावला. तो आदेश त्या खटल्यापुरता होता, हे मलाही कळतं. पण बंद करताना ग्राहकाशी कसं वागावं ते त्यात लिहिलंय, आणि त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट बघायला नको.

तुमचे एक वरिष्ठ मला फोनवर म्हणाले की साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक जोडणीवर, असेल तर मध्ये आमचं पान घुसवता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मग एसएमएस करा. बिलाची तारीख जवळ आली की दिवसातून दोनदा करता. तुमच्या वेबसाइटवर बंद केलेल्या पत्त्यांची यादी लावा, प्रत्येकापुढे आदेशाचा क्रमांक आणि तारीख. आमच्या गल्लीत पाणी सोडायचं नसेल तर महापालिका फळ्यावर खडूनं लिहिते.

आणि शेवटचं. २३ तारखेला संध्याकाळी ती साइट आपोआप उघडली. बंद करताना कुणी सांगितलं नाही, उघडतानाही नाही. कायदेशीर आदेशानं बंद होती तर नवव्या दिवशी कुणी उघडली? आणि आदेश नव्हताच, किंवा यादीत चूक होती, तर मी नऊ दिवस कशाची शिक्षा भोगली?

तेव्हा मला पुढच्या गोष्टी लेखी हव्यात. ही साइट कोणत्या न्यायालयाच्या किंवा खात्याच्या, कोणत्या क्रमांकाच्या आदेशानं बंद केलीत, त्याची प्रत. त्या आदेशात अख्खी साइट होती की एखादी लिंक. कुठल्या तारखेला कुणाच्या सांगण्यावरून उघडलीत. आदेश गोपनीय आहे असं म्हणणार असाल तर ते कोणत्या कलमाखाली, तेही लिहा. माझ्या दोन्ही तक्रारींवरचा ‘निराकरण झाले’ हा शेरा काढा, कारण निराकरण तुम्ही केलेलं नाही. नऊ दिवसांचे ₹ २८३ पुढच्या बिलातून वजा करा. रक्कम फुटकळ आहे, स्टुडिओच्या भाड्याचा विषयही मी इथं काढत नाही, पण सेवा दिली नाही याची नोंद तुमच्या हिशोबात राहायला हवी.

ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, किंवा ‘वरून आलंय’ एवढंच आलं, तर मी तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे जाईन आणि तिथून ग्राहक आयोगाकडे. हे रागानं लिहीत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या माहितीपटाचं काम आहे, त्याची फाइल ९० जीबीच्या घरात जाईल. ती नेटवरून पाठवायची की सुतळी आणून ठेवायची, ते मला आधी कळायला हवं.

आपली,
एक ग्राहक, राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : न उघडणाऱ्या पानाचे नऊ दिवसांचे स्क्रीनशॉट, दोन्ही तक्रारींचे एसएमएस, आणि सुतळी बांधलेल्या खोक्याचा फोटो.