आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: त्या सिस्टरची नोटीस मागे घ्या

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण आमच्याच कोल्हापूर जिल्ह्याचे, म्हणून हक्कानं लिहिते आहे. मी इथल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. गेल्या आठवड्यात माझ्या सहकारी सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिचा गुन्हा काय, तर आयसीयू झेपत नाही, वॉर्ड बदलून द्या, असा अर्ज तिनं केला. कोविडनंतर स्टाफसाठी समुपदेशक नेमू, असं आम्हाला भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. त्याची आम्ही अजून वाट बघतोय.

2021 चा जुलै आठवतो का साहेब? कोविड हटत नव्हता आणि त्यातच पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. घरात पाणी शिरलेल्या मुली पीपीई किट चढवून ड्युटीवर होत्या. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मयताची कवळी, चष्मा, बांगड्या पिशवीत बांधून नावाची पट्टी आम्हीच चिकटवायची. माणूस गेला तरी ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे येतच राहायचे, आम्ही नॉब बंद करेपर्यंत. शेजाऱ्यांच्या फिश टँकची मोटर ऐकली की आजही मला दरदरून घाम फुटतो. त्यांच्याकडं जाणंच मी सोडलंय.

मन हलकं करायला सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा म्हणतात. केला. पण रात्री परत त्याच खाटांपाशी उभं राहायचं, त्याचं काय? रजेला दाखला जोडला की आजाराचं नाव ऑफिसभर होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय, तो आम्हाला लागू नाही का? कंत्राटी मुली तर तोंडच उघडत नाहीत, पुढची ऑर्डर निघाली नाही तर?

22 मार्च 2020 ला थाळ्या वाजवल्या. 3 मे ला हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. कोविड ड्युटीत मेलो तर 50 लाखांचा विमा होता. जगलो आणि झोप उडाली, त्यांचा विचार कुणी केला? आयसीयूत एका रुग्णामागं एक नर्स हा निकष आहे. रात्रपाळीला येऊन स्वतः मोजा. इमारतीचं उद्घाटन करायला सगळ्यांना वेळ असतो, भरतीची फाईल मात्र हलत नाही. सरकार कुणाचंही असो, आम्हाला गृहीतच धरलं जातं. राग येतो साहेब, फार राग येतो.

ती नोटीस मागे घ्यायला लावा. कायम असो वा कंत्राटी, मागेल तिला वॉर्ड बदलून मिळू दे, उपचारासाठी भरपगारी रजा मिळू दे आणि कागद गुप्त राहू देत. नोटीस मिळालेल्या सिस्टरला खुलासा द्यायला शनिवारपर्यंतच मुदत आहे.

आपली,
एक स्टाफ नर्स, कोल्हापूर