नवोदयला नंबर लागला, पण अभ्यास कसा करायचा हे कुणी शिकवलंच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नवोदयचा निकाल लागला की तुमच्या पेपरात पेढे भरवतानाचे फोटो येतात, बघून खूप बरं वाटतं, दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीचाही आला होता आणि तिच्या आजीने तो कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय. पण त्या फोटोनंतर काय होतं त्यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नवोदय म्हणजे १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली केंद्र सरकारची निवासी शाळा, पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. पाचवीत असताना परीक्षा, दोन तासात ८० प्रश्न, आणि त्यातून एका शाळेत जास्तीत जास्त ८० पोरं सहावीला घेतात, किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या पोरांना. म्हणजे वर्गातलं जवळपास प्रत्येक पोरगं आपल्या गावच्या शाळेत पहिलं नाहीतर दुसरं आलेलं असतं. आमची मुलगी गेली आणि पहिल्याच चाचणीत गणितात २५ पैकी ११. फोनवर रडत होती, पप्पा सगळं पाठ होतं पण पेपर हातात आल्यावर आठवलंच नाही.

ज्या क्लासला आम्ही वर्षभर घातलं होतं तिथं फक्त पर्याय ओळखायला शिकवलं, गोल काळे करायचे, वेळ वाचवायचा. प्रवेशासाठी ते ठीक आहे. पण सहावीत पर्याय समोर नसतात, उत्तर डोक्यातून काढून लिहावं लागतं, आणि त्याची सवयच नव्हती पोरीला.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी शेजारी बसून बघितलं. पालथी पडून धडा वाचायची, एकदा दोनदा तीनदा, प्रत्येक ओळीवर गुलाबी हायलायटर, मग म्हणायची झाला. विज्ञानाचा धडा होता, मिश्रणातले पदार्थ वेगळे कसे करतात त्याचा. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं आता आजीला सांग यात काय आहे. उपणणं, चाळणं सांगितलं, ते तर आजीच्या रोजच्या कामातलं, पण गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी अलगद ओतून घेतात तिथं अडली ती अडलीच. तीन वेळा वाचलेलं पान होतं हो ते! तिचाच चेहरा उतरला.

मग आम्ही एकच गोष्ट बदलली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर, पुस्तक बंद करून, आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी परत, मग तीन-चार दिवसांनी परत, दर वेळी लाल कमी होत जातं. हे काही माझं डोकं नाही, अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच्यावर प्रयोग छापलाय, त्यात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पुढे होती पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारी पुढे गेली. आणि परीक्षा काय पाच मिनिटांनी नसते. पोरं फसतात ती इथेच, वाचल्या वाचल्या सगळं येतंय असं वाटतं.

गणिताचंही तेच, सोडवलेलं उदाहरण बघून मान डोलवायची नाही, उत्तर वहीने झाकून स्वतः करायचं, आणि एकाच प्रकारची दहा गणितं करण्यापेक्षा तीन धड्यांतली मिसळून करायची, कारण पेपरात कुठली रीत लावायची हे कुणी सांगत नाही.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथले शिक्षक देशभरातून आलेले असतात, सुरुवातीला खेड्यातल्या पोरांना त्यांचं हिंदी भरभर कळत नाही, विचारायला लाज वाटते, आणि सातवी-आठवीनंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून. आमच्या मुलीने एक छोटी डायरी केली, तासाला न कळलेला शब्द लिहायचा आणि संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी सरांना नाहीतर वरच्या वर्गातल्या ताईला विचारायचाच. पहिल्या महिन्यात पानंच्या पानं भरली. आणि पालकांनो, जागून अभ्यास कर म्हणून फोनवर सांगू नका, तिथं पहाटे उठून पीटी असते, झोप मोडली तर सकाळचे तास सगळे वाया जातात.

आज ती पहिल्या दहात नाहीये, वर्गात मधे आहे, पण चाचणीच्या आदल्या रात्री रडत नाही आणि आजीला फोनवर धडे सांगते.

संपादक साहेब, विनंती एवढीच की निकालाच्या फोटोंबरोबर शिक्षकांकडून, नवोदयच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून अभ्यासाच्या सवयींवर चार लेख लिहून घ्या, जून-जुलैत छापा, कारण तेव्हा घराघरात पेट्या भरणं चालू असतं, बादली, मग, चादर, कुलूप सगळं आठवणीने घेतात लोक. त्यात एक दोनशे पानी कोरी वही जास्तीची टाका, आठवून लिहायला.

आपला,
एक पालक, जि. लातूर